बारमाही हात

मगदुमांच्या पानमळ्यात शिरायचं तर दोन गोष्टी फाटकाबाहेर ठेवाव्या लागत. एक चपला. दुसरी, पाळी आलेली बाई.

चपलांचं सोपं होतं. काट्यांच्या फाटकाशी एक चपटा दगड होता, त्यावर ओळीनं काढून ठेवायच्या. बाईचं मात्र बाईनंच समजून घ्यायचं. कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. एखादी चार दिवस दिसली नाही की तिचं काय ते सगळ्यांना कळे, आणि पाचव्या दिवशी ती डोक्यावरून न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून कामाला हजर होई. पानवेल नाजूक, तिला तसली सावली सोसत नाही, असं वर्धमानअण्णा सांगत. त्यांचे वडीलही त्यांना हेच सांगत आले होते. मळा तीस गुंठ्यांचा. शेवरीच्या झाडांवर चढवलेले वेल, वर हिरवं छत आणि खाली बारा महिने ओल. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गेलं की अंगावर काटा यायचा.

तोडणीला आलेलं पान कुणासाठी थांबत नाही. दोन दिवस उशीर झाला की ते जाड होतं आणि दलाल नाक मुरडतो. त्यात चार बायांपैकी एक तरी कायम बाहेर बसलेली. अशा मळ्यात एकही दिवस न चुकणारी बाई म्हणजे काय चीज असते, हे मळा असणारालाच कळेल. अण्णांची सून आदिती तीन वर्षांत एकदाही चुकली नव्हती. "आमच्या सूनबाईचा हात बारमाही," असं अण्णा दलालाला सांगत. विहिरीवरच्या मोटारीचं कौतुकही ते याच आवाजात करत.

ती का चुकत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिला मूल का नाही, हा प्रश्नही सगळ्यांना पडला होता. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात, असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. राग येतो तो याचाच.

ते पहिल्यांदा बघितलं मीनाबाईनं. मीनाबाई कांबळे बौद्धवाड्यातली, पंचेचाळिशीची, अठरा वर्षं या मळ्यात पान खुडणारी. अंगठ्यात नखी घालायची, म्हणजे देठ तोडायची पत्र्याची टोकदार टोपी, आणि बोलता बोलता दोन्ही हातांनी पानं काढायची. होळीच्या सुमाराला एका सकाळी ती आणि आदिती एकाच ओळीत दोन शिड्यांवर समोरासमोर होत्या. आदितीनं वरच्या पानाला हात घातला, पदर सरकला आणि ब्लाऊजवर दोन ओले डाग दिसले.

"त्यो घाम न्हाय," मीनाबाई म्हणाली.

"घामच हाय."

"वैनी, मी दोन पोरं पाजल्यात. दूध आन् घाम मला कळत न्हाय व्हय?"

आदिती शिडीवरून उतरली आणि ओल्या सरीतच खाली बसली. आठ महिने ती ब्लाऊजच्या आत जुन्या धोतराच्या घड्या घालत होती. आंघोळीला गेली की दार लावून त्या पिळायची. ज्या बाईला मूल नाही तिला दूध कसं येतं, याचा विचार करून करून तिची झोप गेली होती. मागच्या जन्माचं काही असेल, असंही तिनं स्वतःला सांगून बघितलं होतं.

"आधी पाळी गेली," ती म्हणाली. "मग डोकं दुखायला लागलं. मग हे. मावशी, कुणाला सांगू नका."

"आन् पाळी गेल्याचं घरात कुणी इचारलं न्हाय?"

"घरात बरंच वाटतंय की सगळ्यांना."

मीनाबाईनं पुन्हा पानाला हात घातला. तिची थोरली मुलगी संघप्रिया जयसिंगपुरात एका दवाखान्यात नर्स होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी चपला काढता काढता मीनाबाई म्हणाली, "संघप्रियाला इचारलं. ती म्हणती, पाळी जाणं ही कमाई न्हाय, आजार हाय. रक्त तपासून घ्या म्हणती. आजच जावा."

आज काही जमलं नाही. तोडणी होती. पण रात्री आदितीनं नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात अरिहंतनं तिला गाडीवर बसवलं आणि जयसिंगपूरला नेलं. अरिहंत मनानं वाईट नव्हता. वडिलांसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे, एवढंच. रक्त झालं, मग सांगलीला जाऊन डोक्याचा एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक डोकं काढलं आणि त्याच्या मधोमध पेनानं ठिपका दिला.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "तिच्यावर ही बारीक गाठ आहे. कॅन्सर नाही, घाबरू नका. पण ही गाठ एक हार्मोन जास्तीचं सोडतेय. बाळंतिणीला दूध यावं म्हणून जे सुटतं ना, तेच. तुमच्या शरीराचा समज झालाय की मूल अंगावर पितंय. म्हणून दूध येतं आणि म्हणूनच पाळी बंद आहे. पाळी नाही, बीज तयार होत नाही, मग दिवस कसे राहणार?"

मूल अंगावर पितंय, एवढं ऐकलं आणि आदितीला रडू आवरलं नाही. डॉक्टरीणबाई थांबल्या. अरिहंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

"यावर गोळी आहे," त्या पुढं म्हणाल्या. "सोमवारी अर्धी, गुरुवारी अर्धी. जेवण झाल्यावर. पाळी सुरू झाली की तारीख लिहून ठेवा आणि मला येऊन सांगा. मग मुलाचं बघू, आशा भरपूर आहे. फक्त मध्येच बंद करू नका. गाठ वाढली तर नजरेवर येईल."

घरी सासूनं विचारलं. चंदनाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. "गोळ्यानं पोर हुतंय व्हय गं?"

"आधी पाळी येईल म्हणाल्या, अव्वा."

अण्णा सोप्यात बसून वेल बांधायचं लव्हाळं भिजवत होते. त्यांनी मान वर केली. "पाळी याय लागली म्हंजे..." एवढं म्हणाले आणि थांबले. मग उरलेलं लव्हाळं बादलीत दाबून ते मळ्याकडं निघून गेले.

गोळीनं पहिले काही दिवस मळमळायचं, उठलं की गरगरायचं. आदिती शिडीची पायरी घट्ट धरून चढायची. महिन्याभरात दूध आटलं. ब्लाऊजमधल्या घड्या तिनं एक दिवस काढल्या आणि चुलीत घातल्या. डोकंही उतरलं. पाळी मात्र येईना. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. तारीख लिहायला तिनं एक वही केली होती, तिचं पहिलं पान कोरंच होतं.

आषाढाच्या पहिल्याच गुरुवारी सकाळी ती न्हाणीत गेली आणि तिला दिसलं. तीन वर्षांनी. पहिल्यांदा तिला हसूच आलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं तोंडावर टॉवेल धरला. मग ती तिथल्या दगडावर बसली. आपण आता बाईसारखी बाई झालो, असं तिला वाटलं. या वाटण्यात चुकीचं काय होतं?

"आदिती!" अण्णांची बाहेरून हाक आली. "चिमणाबाई न्हाय, वर्षाराणी बी न्हाय. तू आन् मीनाबाई दोघीच हाईसा. दुपारी दलालाची गाडी यायची हाय, हात चालवा जरा."

सांगायला हवं होतं. दारातून मान बाहेर काढून दोन शब्द बोलायचे होते. पण खुडणाऱ्या बाकीच्या दोघी आधीच बाहेर बसल्या होत्या, गाडी यायची होती, आणि अण्णांचं ते अर्धं राहिलेलं वाक्य तिच्या कानात होतं. पहिल्याच पाळीला मळ्याचं नुकसान झालं तर दुसरी येऊ देतील का? तिनं कपडा घेतला, साडी नेसली आणि निघाली.

फाटकाशी चपला काढल्या तरी पाय आत पडेना. शेवटी ती आत गेली आणि रस्त्याकडेच्या पहिल्या दोन ओळींनाच लागली. आतल्या वेलांना हात लावायचा तिला धीर झाला नाही.

"हिकडं का लागलीस?" मीनाबाईनं विचारलं, आणि तिचा चेहरा बघून शिडी तिथंच ठेवून जवळ आली. "काय झालं?"

"मावशी, आली."

मीनाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. नखीचा गार पत्रा गालाला लागला. "चांगलं झालं गं माझ्या बाई. पर मग हितं काय करतीस? जा घरी, सांग, आन् बस चार दिवस."

"आज न्हाई जमायचं. पुढच्या खेपंला सांगते."

"आमच्यात ह्यातलं काय पाळत न्हाईत. पर हितं मी पाळते. मळा तुमचा हाय म्हणून. आन् तूच घरची सून असून..." मीनाबाईनं वाक्य सोडून दिलं. "बघ बाई. तुझं तुला ठावं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आदिती त्या दोन ओळी बघायला गेली. वेल हिरवेगार होते. तिसऱ्या दिवशीही होते. वहीत तारीख पडली. पुढच्या महिन्यात पाळी बरोबर तिसाव्या दिवशी आली, तेव्हा ती फाटकाशी थांबलीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "छान. आणखी दोन महिने असंच चालू दे, मग आपण पुढचं बघू." परतताना अरिहंतनं गाडी थांबवून तिला भडंग घेऊन दिली. त्या दिवशी दोघं रस्त्याकडेला उभं राहून खात होते, हसत होते.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात वेल माना टाकायला लागले.

नेमक्या रस्त्याकडेच्या त्याच दोन ओळी. पानं पिवळी पडली, देठाशी काळी झाली आणि हात लावला की गळायला लागली. खोडाशी बोटानं दाबलं तर पाणी यायचं, वास यायचा. पंधरा दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. रस्त्याचं काम करणाऱ्यांनी मोरीच्या तोंडावर मुरूम टाकला होता आणि मळ्याचं पाणी बाहेर जायची वाट बंद झाली होती. अरिहंत दोन दिवस खोऱ्यानं तो मुरूम उपसत होता. "अण्णा, पाणी तुंबलंय म्हणून मुळ्या कुजल्यात," तो म्हणाला. अण्णांनी मोरचूद आणि चुना कालवला, पंप पाठीवर घेतला आणि स्वतः फवारलं. वेलांच्या बुडात तेच ओतून आळवणी घातली. हातापायांना निळे डाग पडले, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. वडिलांनी लावलेला मळा होता. चौथ्या दिवशी तिसरी ओळ गेली, मग पाचवी.

मुळ्या कुजल्यात हे अण्णांना पटत होतं. पण मुळ्या याच वर्षी का कुजल्या, पाऊस काय पहिल्यांदा पडतोय का, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. माणसाला दोन्ही पटू शकतं. त्यांनी सगळ्या बायांना फाटकाशी उभं केलं.

"कुणी चुकून अडचणीत आत आलं आसंल तर सांगा," ते म्हणाले. "मी रागवत न्हाय. देवळातनं गंधोदक आणतो, शिंपडतो, झालं. पर कळू तर द्या."

चिमणाबाईनं पदर सारखा केला. "आमी तर पाळतो बाई. ज्यांच्यात पाळत न्हाईत त्यास्नी इचारा."

सगळ्या मीनाबाईकडं बघायला लागल्या. अण्णाही बघायला लागले.

"आमच्यात पाळत न्हाईत, खरं हाय," मीनाबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "माझी पोरगी पाळीत सैपाक करती, वंदनेला बसती. पर ह्या मळ्यात मी तुमचं पाळलं, आण्णा. अठरा वर्सं. दर म्हैन्याला चार दिवसाच्या हजरीवर पाणी सोडलं. कवा चुकली आसंन तर सांगा."

"मग मळा आसा का झाला?"

"पाणी तुंबलं म्हणून झाला. तुमच्या ल्योकानं सांगितलं की."

अण्णा वेलांकडं बघत राहिले. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "तू उद्यापासनं येऊ नगंस."

मीनाबाईनं आदितीकडं बघितलं. एकदाच. त्या नजरेत मागणं नव्हतं, राग नव्हता, ती फक्त थांबली होती. आदितीच्या हातात एक पान होतं. तिनं त्याच्या शिरा मोजल्यासारखं त्याच्याकडं बघितलं. आता बोललं तर गोळ्या बंद होणार. गोळ्या बंद झाल्या तर वही बंद, दवाखाना बंद, सगळंच बंद. आणि दुसरंही तिच्या मनात होतं, ते जास्त वाईट होतं. त्या दोन ओळी तिनंच तोडल्या होत्या. खरंच आपल्यामुळंच झालं असेल तर?

मीनाबाईनं अंगठ्यातली नखी काढली आणि दगडावर ठेवली. चपला पायात घातल्या आणि ती चिखलातून गेली.

त्यानंतरचे आठ दिवस आदितीला अन्न गोड लागलं नाही. नखी तिथंच दगडावर होती. पावसानं तिच्यावर गंज चढला. येता जाता ती दिसायची आणि आदिती दुसरीकडं बघायची. सातवी ओळ गेली. मग वर्षाराणी यायची थांबली आणि तिच्यामागं चिमणाबाईही. "आज मीनाबाई, उद्या आमच्या नावानं वरडाल," असा तिनं निरोप धाडला. जिनं आग लावली तीही पळाली. मळ्यात आता अण्णा, अरिहंत आणि आदिती एवढीच माणसं राहिली.

नवव्या दिवशी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत घरात जेवणं चालली होती. आदिती वाढत होती. तिनं अण्णांच्या ताटात आमटी वाढली आणि ती उभ्या उभ्याच म्हणाली, "अण्णा, मीनामावशी नव्हती. मी होते."

"काय तू हुतीस?"

"पाळीत मळ्यात गेले ती. मी."

अण्णांना आधी कळलंच नाही. "तुला कुठं येतीया पाळी?"

"येतीया. दोनदा आली. दोन्ही खेपंला मी मळ्यात होते."

भाकरी मोडायचा आवाज थांबला. चंदनाबाई चुलीपासून उठल्या. "आन् तू ह्या चुलीला शिवलीस? ह्याच हातानं वाढलंस आमाला?"

"देवळात न्हाई गेले, अव्वा."

"लई उपकार केलेस!"

अरिहंतची मान ताटात होती. त्याला दोन्ही तारखा माहीत होत्या. वहीत त्यानंच त्यांच्याभोवती लाल गोल केले होते. पण पाळीत ती मळ्यात जाते का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

अण्णांनी ताटाला नमस्कार केला, हात धुतला. ते ओरडले असते तर आदितीला बरं वाटलं असतं. ते दमलेल्या माणसासारखं बोलले. "गेला त्यो मळा गेला. ऱ्हायलाय तेवढा तरी ऱ्हाऊ दे. गोळ्या थांबवा. येल खाली उतरवून मातीत पुरू दे, नवं पान लागू दे, मग बघू."

"अण्णा, मध्येच थांबवू नका म्हणाल्यात डॉक्टर," अरिहंत म्हणाला.

"मग तू खुडणार हाईस काय सगळा मळा? बाया कुठं हाईत?"

अरिहंतनं पुन्हा मान ताटात घातली.

"आणि मीनामावशी?" आदितीनं विचारलं. "त्यांना बोलवा की परत."

"आता कुठल्या तोंडानं बोलवू? आमच्याच सुनंनं केलं म्हणून गावात सांगत सुटू व्हय?"

चंदनाबाईंनी आदितीच्या खोलीतलं गोळ्यांचं पाकीट आणलं आणि फडताळात, साखरेच्या डब्यामागं ठेवलं. हात धुताना अरिहंत हळूच म्हणाला, "थोडं दिवस गं. मी बोलतो अण्णांशी." तो बोलणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

सकाळी आदिती बौद्धवाड्यात गेली. मीनाबाई दारात बसून डबा बांधत होती. तिला आता कबनूरला मागाच्या एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचं काम मिळालं होतं. बायांना न्यायला रोज गाडी यायची.

"मी घरात सांगितलं, मावशी. मी होते म्हणून."

"कवा?"

"काल."

"आठ दिसांनी." मीनाबाईनं फडक्याची गाठ आवळली. "मग? मला बोलवलंय?"

आदितीनं मान खाली घातली.

"बघ. चूक तुझी निघाली तरी बाहेर मीच."

"तुम्हाला तर ठावं होतं. तुम्हीच का न्हाई सांगितलं त्या दिवशी?"

"तुझं तू सांगायचं हुतंस. आन् मी बोलले आसते तर तुझ्या गोळ्या बंद केल्या आसत्या त्यांनी. मला काय कळत न्हाय व्हय?"

"बंद केल्यात."

मीनाबाईचा हात थांबला. "मग माझी अठरा वर्सं कशापायी गेली गं?" ती म्हणाली. "तुझं काय तरी हुईल म्हणून मी त्वांड मिटलं. ते बी न्हाईच."

गाडीनं कोपऱ्यावरून हॉर्न दिला. मीनाबाई उठली, डबा घेतला. जाताना तिनं आदितीच्या पाठीवर हात ठेवला नाही. आदिती तिथंच दारात उभी राहिली. मनात आलं, पाया पडायला हवं होतं. तोवर गाडी गेली होती.

चार मात्रा चुकल्या. दोन सोमवार, दोन गुरुवार. डोकं पुन्हा मागून ठणकायला लागलं. आदिती रोज सकाळी ब्लाऊजवर हात दाबून बघायची, ओल आली का. अजून आली नव्हती. उरलेल्या ओळींतलं पान मात्र जोमात होतं. मोरी मोकळी झाली होती, पाणी वाहून जात होतं. रोग पुढं सरकायचा थांबला होता. तो मोरचुदानं थांबला, निचऱ्यानं थांबला की आदितीच्या गोळ्या बंद झाल्यानं, हे अण्णांनी मनाशी ठरवलं असावं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी पाळी आली. आधीच्या गोळ्यांची ही पुण्याई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या. पुढची येईल की नाही याचा भरवसा नव्हता. आदिती न्हाणीतून बाहेर आली, अंगणात उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी बाहेर हाय आजपासनं."

चंदनाबाईंनी मुकाट्यानं तिची चटई आणि तांब्या पडवीत काढून दिला. आदितीनं पडवीत भाकरी खाल्ली, पण ती तिथं बसून राहिली नाही. ती चालत मळ्याकडं गेली आणि फाटकासमोरच्या बांधावर बसली. मळा तोडणीला आला होता. अण्णा आणि अरिहंत दोघेच शिड्या हलवत होते. म्हाताऱ्याचे पाय थरथरत होते, ते बाहेरूनही दिसायचं. दलालाची गाडी दुपारी यायची होती, आणि दहा वाजले तरी निम्मी ओळसुद्धा झाली नव्हती. पानं मोठी होती, तुकतुकीत होती. ती बघून आदितीचा अंगठा आपोआप हलायचा.

अकराच्या सुमाराला अण्णा बाहेर आले. दगडावरच्या चपला पायात घालून बांधापर्यंत आले. इकडंतिकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"ये आत," ते म्हणाले.

आदितीला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं.

"ये. कुणी बघत न्हाय. मधल्या दोन वळी तेवढ्या घे. गाडी परत जाईल गं, समदं पान जाड हुईल."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मोरचुदाचे निळे डाग त्यांच्या नखांत अजून होते. तिला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी तितकाच राग आला. "चालतंय?" ती म्हणाली. "मग मीनामावशीला का काढलं?"

"ते येगळं."

"काय येगळं, अण्णा?"

अण्णांनी पुन्हा रस्त्याकडं बघितलं. शिडीवर अरिहंतचे हात थांबले होते.

"मला पाळी आलीया," आदिती मोठ्यानं म्हणाली. रस्त्यावर ऐकू गेलं असेल. "मी बाहेर हाय. गुरुवारपतोर. मग शुक्रवारी न्हाऊन येते."

अण्णा वळले आणि आत गेले. तीन-चार पावलं गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की चपला पायातच आहेत. ते परत आले, चपला काढल्या, मीनाबाईच्या गंजलेल्या नखीशेजारी ठेवल्या आणि तिच्याकडं न बघता पुन्हा आत गेले.

आदिती उठली आणि घरी आली. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली तशा चंदनाबाई आतून ओरडल्या, "थितंच थांब! उंबऱ्याला शिवू नगंस. काय पायजे ते सांग, मी देते."

"गोळ्या."

आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

"आज सोमवार हाय, अव्वा," आदिती म्हणाली. "माझं जेवण झालंय."

चंदनाबाई दारात आल्या. पंचवीस वर्षं त्याही महिन्याचे चार दिवस त्याच पडवीत बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडं बघितलं, मग मळ्याकडच्या वाटेकडं बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. त्या आत गेल्या. फडताळ उघडल्याचा आवाज आला, साखरेचा डबा सरकल्याचा आला.

त्या बाहेर आल्या तेव्हा एका हातात पाकीट होतं, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी हात उंच धरला, शिवायला नको म्हणून, आणि पाकीट वरून सोडलं. ते आदितीच्या ओंजळीत पडलं. तिनं गोळी काढून मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि पुन्हा ओंजळ पुढं केली. चंदनाबाईंनी वरून पाण्याची धार धरली. ती प्यायली. थोडं पाणी कोपरावरून खाली सांडलं.

"गुरुवारी बी हितंच ये," चंदनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे घरात असताना मागू नगंस."

आदितीनं ओली ओंजळ पदराला पुसली आणि ती परत जाऊन बांधावर बसली.